प्रिन्स एडवर्ड काउंटीतील सार्वजनिक शाळा

प्रिन्स एडवर्ड काउंटी हा अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील, पूर्वी तंबाखूच्या शेतीवर चाललेला ग्रामीण भाग आहे. फार्मव्हिल हे त्याचे मुख्य ठिकाण. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एका वर्गात बसवावे लागू नये म्हणून या काउंटीने १९५९ ते १९६४ अशी सलग पाच वर्षे आपल्या सगळ्या सार्वजनिक शाळा बंद ठेवल्या. त्यामुळे अमेरिकी शिक्षणाच्या इतिहासात तिचे नाव ठळकपणे घेतले जाते.

हे कसे घडू शकले, ते पैशाच्या व्यवस्थेतून कळते. व्हर्जिनियात शाळा चालवते शाळा मंडळ. पण कर बसवण्याचा अधिकार त्याला नाही. कर ठरवणे आणि शाळांसाठी रक्कम मंजूर करणे हे काम काउंटीच्या निवडून आलेल्या पर्यवेक्षक मंडळाचे. पुढचा सगळा संघर्ष या एका तरतुदीभोवती फिरला.

राज्यात मोफत सार्वजनिक शाळांची व्यवस्था १८७० मध्ये, यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात उभी राहिली. शाळा पहिल्यापासून वर्णानुसार वेगळ्या होत्या आणि व्हर्जिनियाच्या १९०२च्या राज्यघटनेने ही विभागणी बंधनकारकच केली. कृष्णवर्णीय मुलांसाठी १९३९ मध्ये फार्मव्हिलला रॉबर्ट रसा मोटन हायस्कूलची इमारत झाली. टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख राहिलेले मोटन याच काउंटीत वाढले होते. इमारत १८० विद्यार्थ्यांसाठी होती. १९५१ पर्यंत पटसंख्या ४५० च्या वर गेली. व्यायामशाळा, उपाहारगृह, विज्ञानाची प्रयोगशाळा यांपैकी काही नव्हते. वाढलेल्या मुलांसाठी आवारात डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी खोल्या उभारल्या गेल्या. त्यांची छपरे गळत. हिवाळ्यात शेगडीजवळच्या मुलांना उकडायचे आणि लांबची मुले अंगावर कोट घालून बसायची. पालकांनी आणि मुख्याध्यापकांनी नव्या इमारतीसाठी पुन्हापुन्हा मागणी केली, पण काम पुढे सरकले नाही.

२३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीने आणि तिच्या सोबत्यांनी खोट्या फोनने मुख्याध्यापकांना शाळेबाहेर पाठवले, सर्वांना सभागृहात बोलावले आणि संप पुकारला. तो दोन आठवडे चालला. मुख्याध्यापकांना बाहेर पाठवण्यामागे त्यांच्यावर ठपका येऊ नये हाही विचार होता. मुलांच्या या नियोजनाची परिपक्वता आजही थक्क करते. मुलांना हवी होती चांगली इमारत. मात्र कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी सांगितले, की वर्णभेदी विभागणीलाच आव्हान द्यायची तयारी असेल तर खटला लढवू. पाद्री एल. फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या चर्चमधील सभेत पालकांनी त्याला मान्यता दिली आणि मे महिन्यात ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. बार्बराच्या जिवाला धोका वाटल्याने घरच्यांनी तिला अलाबामात काकांकडे पाठवले.

हा दावा पुढे ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या खटल्यात समाविष्ट झाला. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णानुसार विभागणी घटनाबाह्य ठरवली. व्हर्जिनियात सेनेटर हॅरी बर्ड यांच्या नेतृत्वाखाली याला संघटित विरोध झाला. १९५८ मध्ये नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि वॉरन काउंटीतील काही शाळांना राज्यानेच टाळे लावले, पण जानेवारी १९५९ मध्ये न्यायालयांनी या शाळाबंदीचे कायदे रद्द केल्यावर त्या उघडल्या. प्रिन्स एडवर्डचा मार्ग निराळा होता. सप्टेंबर १९५९ पासून मुलांना एकत्र शिकवण्याचा आदेश येताच पर्यवेक्षक मंडळाने शाळांसाठी कर बसवायलाच नकार दिला. पैसा नाही, म्हणून शाळा नाही.

गोऱ्या मुलांसाठी प्रिन्स एडवर्ड अकॅडमी ही खाजगी शाळा लगेच सुरू झाली आणि १९६० पासून तिला शुल्क-अनुदान व करसवलतींच्या रूपाने सार्वजनिक पैशाचा आधारही मिळाला. १९६१ मध्ये न्यायालयाने तो थांबवला. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलांपुढे मात्र काहीच उरले नाही. काहींना नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी धाडण्यात आले. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या संस्थेने काहींची परराज्यांतील कुटुंबांत सोय केली. वरच्या इयत्तांतले काहीजण नॉर्थ कॅरोलायनातील किट्रेल कॉलेजात गेले. चर्चच्या तळघरांत थोडेबहुत शिकवणे चाले. अनेकजण शेतात कामाला लागले आणि पुन्हा शाळेत आलेच नाहीत. अकॅडमीचे शुल्क न परवडणारी काही गोरी मुलेही घरीच राहिली. या इतिहासाचा खरा भार या मुलांनी वाहिला. निकालांच्या तारखा त्यामानाने गौण आहेत.

केनेडी सरकारच्या पुढाकाराने आणि खाजगी देणग्यांवर सप्टेंबर १९६३ मध्ये वर्षभरासाठी ‘फ्री स्कूल्स’ उघडल्या. अधीक्षक नील सलिव्हन यांनी इयत्तांची चौकट बाजूला ठेवून प्रत्येक मुलाला जिथे होते तिथून शिकवायला घेतले. सुमारे दीड हजार मुले आली. त्यांत गोरी अगदी मोजकी.

काउंटीवर शाळा चालवण्याची सक्ती करता येत नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये म्हटले होते. २५ मे १९६४ रोजी ‘ग्रिफिन’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळाबंदी घटनाबाह्य ठरवली. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलेल्या या निकालानुसार गरज पडल्यास संघीय न्यायालय पर्यवेक्षक मंडळाला कर बसवण्याचा आदेशही देऊ शकत होते. सप्टेंबरमध्ये सार्वजनिक शाळा उघडल्या, पण बहुतेक गोरी मुले अकॅडमीतच राहिली. अकॅडमीने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला तो १९८६ मध्ये. आज ती फुक्वा स्कूल या नावाने ओळखली जाते. व्हर्जिनियाच्या १९७१च्या नव्या राज्यघटनेने राज्यभरातील शालेय वयाच्या सर्व मुलांसाठी मोफत शाळांची जबाबदारी विधिमंडळावर टाकली आणि स्थानिक वाटा देणेही बंधनकारक केले.

मोटन हायस्कूलची जुनी इमारत १९९८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरली. तेथे आता संग्रहालय आहे. विधिमंडळाने २००३ मध्ये शाळाबंदीबद्दल खेद व्यक्त केला आणि २००४ मध्ये, शाळा बंद झाल्याने शिक्षण हुकलेल्यांसाठी शिष्यवृत्ती योजना मंजूर केली. तिच्यासाठी १० लाख डॉलर राज्याने आणि तितकेच उद्योगपती जॉन क्लूगी यांनी दिले. शालेय समकक्ष प्रमाणपत्रापासून पदवीपर्यंतच्या शिक्षणाला ही मदत मिळते. ती घेणाऱ्यांपैकी बरेचजण तोपर्यंत पन्नाशी ओलांडलेले होते.