घड्याळातला नादकाटा अणूंच्या दारात

सांगलीत परवा एका प्रदर्शनात स्फटिकाच्या माळा विकायला ठेवल्या होत्या. "स्फटिक सतत कंप पावतो, ती कंपनं अंगात उतरतात," असं विक्रेता सांगत होता, आणि लोक घेतही होते. स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ. तो कंप पावतो हे खरं, पण आपणहून नाही, वीज दिली तर. क्वार्ट्झ दाबला की त्यावर विद्युतभार येतो, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं. वीज दिली की तो हलतो, हे पुढच्याच वर्षी. गळ्यातल्या माळेला वीज कोण देणार? तिच्यावर पैसे घालवू नयेत.

क्वार्ट्झची खरी कंपनं आपल्या भिंतीवरच्या घड्याळात आहेत. आत काही मिलिमीटरांचा क्वार्ट्झचा नादकाटा असतो, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच दोन भुजांचा. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा हलतो. या आकड्याला पंधरा वेळा दोनने भागलं की उरतो एक, तोच आपला सेकंद. हाच काटा आज अणू 'पाहायला' वापरतात.

अणुबल सूक्ष्मदर्शक (एएफएम) बिनिग, क्वेट आणि गर्बर या शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये मांडला. त्यात भिंगाने पाहणं नाही, चाचपणं आहे. लवचीक पट्टीच्या टोकाला अतिसूक्ष्म सुई असते, ती पृष्ठभागाजवळून फिरते आणि अणूंची ओढ जाणवते. अडचण इथेच येते. खराट्याच्या हिराला लोहचुंबक बांधून लोखंडी कपाटाजवळ नेऊन बघा. एका अंतरापर्यंत हीर नुसता वाकतो, मग चुंबक एकदम खटकन चिकटतो. जवळ जाताना ओढ ज्या वेगाने वाढते, तो वेग हिराच्या ताठपणापेक्षा जास्त झाला की तोल गेलाच. सुईचंही तसंच होतं. ती अणूंवर आपटते आणि टोक बिघडतं.

उपाय सरळ आहे, पट्टी ताठ करा. भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्झ गिसिबल यांनी १९९६ मध्ये नादकाट्याची एक भुजा जड आधाराला पक्की चिकटवली आणि मोकळ्या भुजेवर सुई बसवली. या भुजेचा ताठपणा मीटरला सुमारे १८०० न्यूटन असतो. अणूंची ओढ तिला खेचून नेऊ शकत नाही.

मग इतक्या ताठ भुजेला अणूची ओढ कळते कशी? इथे मला मिरजेची सतारमेकर गल्ली आठवते. तंबोरा लावताना तार किती ताणली हे कुणी मोजत नाही, स्वर ऐकतात. इथेही भुजा किती वाकली ते बघत नाहीत, तिची कंपनसंख्या, म्हणजे सेकंदाला ती किती वेळा हलते तो आकडा, किती सरकली ते मोजतात. सरकण्याचं प्रमाण म्हणजे अणूंच्या ओढीचा चढ (जवळ जाताना ती ज्या वेगाने वाढते तो) भागिले भुजेच्या ताठपणाची दुप्पट. चढ मीटरला १ न्यूटन आणि कंपनसंख्या ३०,००० धरली, तर ती सुमारे ८ ने सरकते. इलेक्ट्रॉनिक्सला एवढं पुष्कळ झालं. शिवाय भुजा ताठ असल्याने तिला मीटरच्या वीस अब्जाव्या भागाएवढंच, म्हणजे अणूच्या आकाराहूनही कमी, हलवता येतं. त्यामुळे ती सगळा वेळ अणूच्या अगदी लगत असते.

एक भुजा चिकटवण्याचं कारणही सुंदर आहे. नादकाट्याच्या दोन्ही भुजा एकाच वेळी आत येतात, एकाच वेळी बाहेर जातात. एकीचा धक्का दुसरी फेडते, दांडा जवळजवळ स्थिर राहतो आणि कंपनं दीर्घकाळ टिकतात. एकाच भुजेवर सुई चिकटवली की ती जड होते, जोडी बिघडते, ऊर्जा दांड्यातून गळू लागते. दुसऱ्या भुजेला तेवढंच वजन लावून तोल सांभाळता येतो, पण सुई पृष्ठभागाजवळ गेली की ओढ एकाच भुजेला बसते आणि तोल पुन्हा ढळतो. म्हणून ती जोडीच मोडलेली बरी.

तापमानाचंही ऐका. सिलिकॉनच्या पट्टीची कंपनसंख्या दर अंशाला दशलक्षात सुमारे ३५ ने ढळते. घड्याळाचा क्वार्ट्झ २५ अंशांच्या आसपास जवळजवळ ढळतच नाही. सांगलीच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यातही त्याची चूक दिवसाला सेकंदाहून कमी.

२००९ मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत अशाच काट्याच्या सुईवर कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू बसवून पेंटासीन नावाच्या रेणूचं चित्र घेतलं गेलं. रसायनशास्त्राच्या वहीत आपण काढतो तशीच एका रांगेत पाच षटकोनी कडी त्यात दिसतात.