देशांतर्गत स्थलांतर आणि नोंदणीची बंधने

लोकसंख्या देशाच्या भूभागावर सारखी पसरलेली नसते, हे फार पूर्वीपासून ठाऊक असले तरी माणसे एका भागातून दुसऱ्या भागात कशी जातात, याचा आकड्यांनिशी विचार एकोणिसाव्या शतकातील जनगणनांमुळेच शक्य झाला. ब्रिटनमध्ये १८४१च्या जनगणनेत जन्मस्थानाविषयी प्रथम विचारणा झाली. पुढे जर्मनीत जन्मलेले आणि लंडनमध्ये काम करणारे नकाशाकार अर्न्स्ट जॉर्ज रॅव्हेनस्टाइन यांनी १८७१ आणि १८८१च्या नोंदी तपासून १८८५ मध्ये स्थलांतराचे नियम मांडले. बहुतेक माणसे जवळच्याच ठिकाणी जातात, शहराच्या आसपासची खेडी रिकामी झाली की त्यांची जागा आणखी दूरचे लोक घेतात, आणि प्रत्येक ओघाबरोबर उलट दिशेचाही एक ओघ असतो, असे त्यांना दिसले. देशाच्या हद्दीत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक स्थलांतर करतात आणि त्या घरकामासाठीच नव्हे, तर कारखान्यांतील कामासाठीही बाहेर पडतात, हे त्यांचे निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. नंतरच्या पुष्कळ चर्चेत स्थलांतरित म्हणजे पुरुषच असे गृहीत धरले गेले.

चीनमधील भूगोलतज्ज्ञ हू हुआनयोंग यांनी १९३५ मध्ये ईशान्येकडील आयहुईपासून नैर्ऋत्येकडील तेंगचोंगपर्यंत नकाशावर एक रेषा आखली. तिच्या आग्नेयेकडील सुमारे ३६ टक्के भूमीवर ९६ टक्के लोक राहत होते. पाऊस आणि शेतीयोग्य जमीन यांनी घडवलेली ही विभागणी आजही फारशी बदललेली नाही.

विसाव्या शतकात काही राज्यसंस्थांनी हा ओघ हुकमाने अडवू पाहिला. सोव्हिएत संघाने १९३२च्या अखेरीस अंतर्गत पासपोर्ट, म्हणजे देशातल्या देशात शहरात राहण्यासाठी लागणारे ओळखपत्र, सुरू केला आणि सामूहिक शेतीवरील बहुतेक शेतकऱ्यांना तो अनेक दशके दिलाच नाही. चीनने जानेवारी १९५८ मध्ये हुकोऊ ही कुटुंबनोंदणीची व्यवस्था कायद्याने पक्की केली. नोंद कृषी की बिगरकृषी यावर शिधा, शाळा, औषधोपचार आणि घर अवलंबून असल्यामुळे परवानगीवाचून शहरात आलेल्याला तेथे पोट भरणेच कठीण होते. १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांनी कारखान्यांना माणसे हवीशी झाली, आणि कोट्यवधी लोक शहरांत आले. हक्क मात्र मूळ गावच्या नोंदीलाच चिकटून राहिले, त्यामुळे असंख्य मुले आजीआजोबांकडे मागे राहिली. बंधनांनी जाणे थांबले नाही, जाणाऱ्याचा दर्जा तेवढा खालावला, असेच म्हणावे लागते. २०२०च्या जनगणनेत नोंदणीच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्या अशा लोकांची संख्या सुमारे ३७ कोटी ६० लाख निघाली. कृषी आणि बिगरकृषी हा भेद मिटवण्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले, परंतु त्याच धोरणाने सर्वांत मोठ्या शहरांमधील नोंदणीवर कडक मर्यादा कायम ठेवल्या, आणि कामाच्या संधी तर तेथेच अधिक होत्या.