कुंपणावर कोणती वेल? आधी तिची पकड पाहा

सातारा-सांगलीकडे बंगल्यांना आणि मळ्यातल्या घरांना आता दगडी गडग्यापेक्षा चेनलिंक जाळीचं कुंपण जास्त दिसतं. जाळी टिकाऊ असते, पण आडोसा देत नाही. रस्त्यावरची धूळ आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर दोन्ही थेट अंगणात येतात. मग नर्सरीतून फुलावर आलेली एखादी वेल आणली जाते आणि दोन वर्षांत तक्रार सुरू होते. वेल चढलीच नाही, किंवा चढली पण खालचा भाग उघडाच राहिला, किंवा वजनाने जाळी झोळली. या तिन्ही तक्रारींमागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: निवड फुलाच्या रंगावरून झाली आणि वेल चढते कशी, हे कुणी पाहिलंच नाही.

झाड स्वतःचं वजन पेलण्यासाठी जाड खोड तयार करतं. वेल तेवढं लाकूड वाचवते आणि ते अन्न लांबी वाढवायला वापरते. म्हणूनच एका पावसाळ्यात ती दहा-पंधरा फूट जाऊ शकते. मात्र त्यासाठी तिला दुसऱ्याचा आधार धरता आला पाहिजे. हा आधार धरण्याचे प्रकार किती आणि कसे, याची व्यवस्थित मांडणी चार्ल्स डार्विन यांनी 1865 साली केली. कुंपणासाठी वेल निवडताना ती मांडणी आजही कामाची आहे.

पहिला प्रकार खोडानेच वेटोळे घालणाऱ्या वेलींचा. गोकर्ण, गणेशवेल, मायाळू, पावटा, थनबर्जिया या सगळ्या यातल्या. यांच्या शेंड्याजवळ खोडाची एक बाजू दुसरीपेक्षा जोरात वाढते आणि ही जोराची बाजू सतत बदलत राहते, त्यामुळे शेंडा हवेत गोल फिरत राहतो. हॉप नावाच्या वेलीची एक फेरी डार्विन यांनी मोजली, ती सरासरी दोन तास आठ मिनिटांची भरली. फिरता फिरता उभा आधार लागला की शेंडा त्याला वेढा घालतो. इथे 'उभा' हा शब्द महत्त्वाचा आहे. चार आडव्या काटेरी तारा ओढलेल्या कुंपणाला गोकर्ण लावली, तर ती एका तारेपासून दुसरीपर्यंत पोचायला धडपडते आणि शेवटी जमिनीवर लोळते. वरच्या तारेपासून खालच्या तारेपर्यंत दर नऊ ते बारा इंचांवर उभी सुतळी बांधली की तीच वेल सरसर वर जाते. सिमेंटच्या सहा इंची खांबालाही ती वेढा घालू शकत नाही. तिचं खोड बारीक, वळसा मोठा, त्यामुळे पकड बसण्याआधीच ती घसरते. खांबावर न्यायची असेल तर त्यालगत सुतळी उभी ताणावी.

दुसरा प्रकार तणाव्यांनी, म्हणजे आधाराला गुंडाळणाऱ्या दोऱ्यासारख्या बारीक अवयवांनी, चढणाऱ्या वेलींचा. कृष्णकमळ, संक्रांतवेल, लसूणवेल, आईस्क्रीम वेल या फुलांच्या; तोंडली, कारली, दोडका या भाज्यांच्या. चेनलिंक जाळीसाठी याच वेली सर्वांत योग्य आहेत, कारण तणाव्याला बारीक आधार हवा असतो आणि जाळीची तार त्याच्या मापाची असते. कृष्णकमळाचा कोवळा तणावा तारेला टेकू द्या आणि थोडा वेळ थांबून पाहा. काही मिनिटांतच तो वळायला लागतो. टोकाने तार पक्की धरली की एक-दोन दिवसांत मधला भाग पिळायला लागतो. अर्धा तणावा एका दिशेने पिळतो, उरलेला अर्धा उलट दिशेने, आणि मध्ये जिथे दिशा बदलते तिथे एक छोटा सरळ तुकडा राहतो. दोन्ही टोकं अडकलेली असताना दोरी एकाच दिशेने पिळता येत नाही, म्हणून ही उलटापालट होते. या स्प्रिंगमुळे वेल तारेकडे ओढली जाते आणि वळवाच्या वाऱ्यात झटका बसला तरी तणावा तुटत नाही, ताणला जातो.

तासगाव-मिरज भागातल्या द्राक्ष बागायतदारांना तणावा वेगळ्या कारणाने ठाऊक असतो. द्राक्षवेलीत घड आणि तणावा हे दोन्ही एकाच प्रकारच्या अंकुरातून तयार होतात. सूर्यप्रकाश, अन्नसाठा आणि सायटोकायनिन हे संजीवक (वाढ ठरवणारं द्रव्य) पुरेसं असेल तर त्याचा घड होतो, नाहीतर बाळी, म्हणजे तणावा. खरड छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यात (फुटव्याच्या कळीत) घड तयार होण्याच्या काळात बागायतदार काडीवर ऊन पडावं म्हणून एवढी काळजी घेतात, ती याचसाठी. इतर तणावे वेगवेगळ्या अवयवांचे बनलेले असतात. संक्रांतवेलीत पानाची शेवटची पर्णिका तीन फाट्यांचा तणावा होते. पावसाळ्यात घाटात फुलणाऱ्या कळलावीत तर अख्ख्या पानाचं टोकच वळून आधार धरतं. कळलावीचं फूल देखणं आहे, पण तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे विष असतं. लहान मुलं किंवा जनावरं असलेल्या घराच्या कुंपणावर ती लावू नये.

तिसरा प्रकार मुळांनी चिकटणाऱ्यांचा: फायकस पुमिला आणि मनीप्लांट. यांना भिंत किंवा खोड हवं. तारेच्या जाळीवर त्या तग धरत नाहीत. फायकस पुमिला सिमेंटच्या भक्कम कंपाउंडवर छान बसते. चुन्याच्या जुन्या गिलाव्यावर मात्र लावू नये, कारण ती काढताना गिलाव्याचे पापुद्रे सोबत येतात.

चौथा प्रकार नुसत्या टेकून, काट्यांनी अडकून वर जाणाऱ्यांचा. बोगनवेल, जाई, चढता गुलाब यांची स्वतःची पकड कच्चीच असते. त्यांना बांधावं लागतं, आणि ते दरवर्षी करावं लागतं. मधुमालती पहिल्या आणि या चौथ्या प्रकाराच्या मधली आहे. ती वेटोळेही घालते आणि पान गळल्यावर देठाचा जो टणक खुंट उरतो, त्याच्या आधारे अडकतेही. तिचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग लाल. पांढऱ्या फुलाकडे रात्रीचे पतंग येतात, रंगीत झालेल्यांकडे दिवसाचे कीटक.

आता जागेचा विचार. एकाच कृष्णेच्या खोऱ्यात महाबळेश्वरला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण, आटपाडी, जत या पट्ट्यात 500 मिलिमीटरच्या आसपास. सगळीकडे एकच वेल चालेल, ही अपेक्षाच चुकीची. दुष्काळी पट्ट्यात, मुरमाड जमिनीवर बोगनवेलीला तोड नाही. पाण्याचा थोडा ताण बसला की ती जास्त फुलते आणि मे महिन्यातही कुंपण भरलेलं ठेवते. नदीकाठच्या ज्या भागात जमिनीला किंवा विहिरीच्या पाण्याला क्षार आहेत, तिथेही तीच जास्त टिकते. सातारा, वाई, कऱ्हाड, सांगली अशा मध्यम पावसाच्या ठिकाणी भरपूर ऊन असेल तर चेनलिंकवर संक्रांतवेल किंवा लसूणवेल लावावी. अर्धवट सावली असेल तर संक्रांतवेलीला पानं खूप आणि फुलं नावाला येतात. तिथे त्यापेक्षा जाई निवडावी. आईस्क्रीम वेलीबद्दल मात्र सावध राहा. गुलाबी झुपक्यांवर मधमाश्या तुटून पडतात हे खरं, पण जमिनीत तिच्या गाठी असतात. वरून कापली तरी ती पुन्हा फुटते, आणि ओढ्याकाठच्या किंवा पडीक जागेत गेली तर तिथल्या झाडोऱ्याला झाकून टाकते. शेताच्या बांधाला ती लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बहुवर्षायू वेल कुंपण झाकायला दीड-दोन वर्षं घेते. तोवर आडोसा हवा असेल तर पहिल्या जूनमध्ये तिच्या मधल्या जागेत गोकर्ण पेरा. बी टणक असतं. पॉलिश पेपरवर एक बाजू हलकी घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं की उगवण चांगली होते. एक इंच खोल, एक फूट अंतराने लावा. दीड-दोन महिन्यांत फुलं सुरू होतात, आणि शेंगवर्गीय असल्याने मुळांवरच्या गाठींतून तिला नत्रही मिळतं. फक्त शेळ्या-गुरांना ती फार आवडते, म्हणून रस्त्याकडे जनावरांची वर्दळ असेल तर ती टिकणार नाही.

लागवडीत सर्वांत जास्त वेली मरतात त्या काळ्या जमिनीत, आणि त्या पाण्यानेच मरतात. भारी काळ्या मातीत दीड फुटाचा खड्डा घेऊन त्यात नुसतं हलकं मिश्रण भरलं, तर पावसाळ्यात आजूबाजूचं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि तळाची चिकणमाती ते खाली जाऊ देत नाही. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि वर पानं मलूल दिसतात म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. त्याऐवजी दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात निघालेली माती निम्मी, मुरूम किंवा जाड वाळू पाव आणि चांगलं कुजलेलं शेणखत पाव, असं भरा. वर शंभर-दोनशे ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. भराव जमिनीपेक्षा सहा इंच उंच ठेवा आणि त्या उंचवट्यावर रोप लावा. रोप जाळीला चिकटून नको. एक फूट आत लावून जाळीकडे कललेलं ठेवा, कारण खांबांच्या काँक्रीटजवळ मुळांना जागा मिळत नाही. जाईसाठी पाच-सहा फूट, मधुमालती आणि संक्रांतवेलीसाठी आठ-दहा फूट अंतर पुरतं. जूनमधल्या दोन चांगल्या पावसांनंतर, वाफसा आला, म्हणजे मातीत ओल आहे पण चिखल नाही अशी स्थिती झाली, की लावावं.

उन्हाळ्यात हीच काळी जमीन आकसून भेगाळते आणि भेगा कोवळी मुळं तोडतात. आपल्याकडे उसाचं पाचट मुबलक आहे. ते तीन-चार इंच जाड अंथरा, फक्त खोडापासून चार बोटं लांब. पहिल्या उन्हाळ्यात काळ्या जमिनीत चार-पाच दिवसांनी आणि मुरमाड जमिनीत दोन-तीन दिवसांनी दर रोपाला आठ-दहा लिटर पाणी लागतं.

चुनखडीयुक्त जमिनीत जाईची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असतं, पण विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत ते मुळांना घेता येत नाही. अशा वेळी शेणखत वाढवून लगेच उपयोग होत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा.

आता खालचा भाग उघडा राहण्याचं कारण. वेलीच्या शेंड्यात ऑक्झिन हे संजीवक तयार होतं आणि ते खोडातून खाली वाहतं. त्यामुळे खालचे डोळे फुटत नाहीत. वेल सरळ वर जाऊ दिली की शेंडा जोरात धावतो आणि सगळी पालवी कुंपणाच्या माथ्यावर गोळा होते. पुढे त्या पालवीची सावली खालच्या पानांवर पडून तीही गळतात. उपाय पहिल्या वर्षीच करायचा असतो. रोप दीड-दोन फुटांचं झालं की शेंडा खुडा. खालून तीन-चार फांद्या फुटतील. त्यातल्या दोन जमिनीपासून नऊ इंचांवर जाळीलगत डावी-उजवीकडे आडव्या बांधा, उरलेल्या तिरक्या. आडव्या फांदीवर शेंड्याचा वरचष्मा कमी होतो आणि तिच्या लांबीभर डोळे फुटून वर येतात. खालचा भाग भरल्यावरच वेलीला माथ्याकडे जाऊ द्या.

बांधायला सुतळी किंवा जुन्या सुती कापडाची पट्टी घ्या. आधी तारेला गाठ, मग सैल आठच्या आकड्यासारखा वळसा घालून फांदी. बाइंडिंग वायर खोडात रुतते. तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे फांद्या जाळीच्या घरांतून आत-बाहेर ओवू नका. आज पेन्सिलीएवढी असलेली फांदी तीन वर्षांत मनगटाएवढी होते. मग एकतर तार सालीत घुसून वरची वेल वाळते, नाहीतर जाळीच फाटते. फांद्या जाळीच्या एकाच अंगाला ठेवा, म्हणजे पुढे रंगकाम किंवा दुरुस्तीच्या वेळी वेल सोडवून खाली उतरवता येते.

पानांनी भरलेलं कुंपण वारा अडवतं, हे खांब रोवतानाच लक्षात घ्यावं. उघड्या जाळीतून वळवाचं वारं निघून जातं. वेलीने झाकलेल्या जाळीवर त्याचा सगळा दाब येतो, वर पावसाने भिजलेल्या पानांचं वजन. पाच-सहा फुटी कुंपणाचे खांब दोन फूट तरी काँक्रीटमध्ये हवेत आणि कोपऱ्यांना तिरके टेकू हवेत. जुने लोखंडी अँगलचे खांब हलत असतील तर संक्रांतवेल, मधुमालती आणि थनबर्जिया टाळा. गोकर्ण, गणेशवेल, जाई एवढ्यावर थांबा.

कृष्णकमळाची पानं एकाएकी चाळणी झाली तर औषधाकडे धावू नका. नारिंगी रंगाचं एक फुलपाखरू या वेलीवर पुंजक्याने अंडी घालतं आणि त्याच्या काटेरी अळ्या पानं फस्त करतात. जुनी वेल पुन्हा पालवते. रोप लहान असेल तर अंड्यांचं पान तेवढं खुडावं. मावा आणि पिठ्या ढेकूण मात्र वेळीच आवरावे लागतात: लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण, पानांच्या खालच्या बाजूने फवारायचा.

सुवासिक वेलीवर साप येतात, असं अनेक घरांत सांगितलं जातं. वासाने साप येत नाही. जमिनीलगत दाट पाला साचला की तिथे उंदीर आणि बेडूक राहतात आणि त्यांच्यासाठी साप येतो. खालचे सहा ते नऊ इंच मोकळे ठेवा आणि गळलेला पाला महिन्यातून एकदा ओढून काढा.

छाटणीची वेळ प्रत्येक वेलीची वेगळी आहे, आणि इथली चूक वर्षभराची फुलं घालवते. जाई आणि बोगनवेल नव्या फुटीवर फुलतात. जाई जानेवारीत निम्म्यापर्यंत छाटली तर उन्हाळ्यापासून बहर येतो. बोगनवेल बहर ओसरला की छाटा आणि युरिया देऊ नका, नाहीतर नुसता पाला येईल. संक्रांतवेलीचं उलट आहे. तिची केशरी फुलं पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर येतात. दिवाळीच्या साफसफाईत कुंपण नीटनेटकं दिसावं म्हणून तिला कात्री लावली, की संक्रांतीला फुलणाऱ्या सगळ्या काड्या जातात. तिची छाटणी फेब्रुवारीअखेर, शेवटचा झुबका गळल्यावर करा: बांधलेल्या मुख्य फांद्या तशाच ठेवून बाजूच्या काड्या दोन-तीन डोळ्यांवर आणा, एक घमेलं शेणखत द्या आणि आळं भरून पाणी सोडा.