शुक्र-कृत्तिकांचा फोटो काढायला लेन्स नेताय? आधी एवढं वाचा

शुक्र कृत्तिकांजवळ सरकला की आमच्या लेन्स भाड्याने देणाऱ्या दुकानात ७०-२०० मिमीच्या (दूरचं जवळ आणणाऱ्या) झूम लेन्सला मागणी येते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच लेन्स तक्रारीसकट परत येतात: "फोटो धूसर आलेत, काचेत काहीतरी आहे, भाडं परत करा." मग आम्ही हातातलं काम टाकून ती लेन्स कॅमेऱ्याला लावतो, रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीचा फोटो घेतो, तुमच्यासमोर मोठा करून दाखवतो. पाटीवरचा फोन नंबरसुद्धा स्वच्छ वाचता येतो. लेन्स ठणठणीत असते. रात्री तिच्यावर पाणी धरलेलं असतं, एवढंच.

हे पाणी येतं तुमच्या एसीमुळे. लॉजच्या खोलीत एसी २२ वर, बॅग खोलीतच, अंधार पडल्यावर बाहेर येऊन लगेच झाकण काढलं, की झालं. एप्रिलच्या संध्याकाळी आपल्या किनाऱ्यावर हवेत इतकी वाफ असते की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखी ती गार काच बघता बघता ओलावते. खरा घोळ असा की हा थर पातळ असतो आणि अंधारात तो डोळ्यांना दिसत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर शुक्राभोवती मऊसं वलय दिसतं आणि माणूस खूश होतो. घरी संगणकावर उघडल्यावर कळतं की कृत्तिकांतले बारके तारे त्या वलयात गेले.

ज्यांच्या लक्षात येतं ते शर्टाच्या टोकाने काच पुसतात. कृपा करून हे करू नका. समुद्रावरचा वारा काचेवर मीठ आणि बारीक रेती आणून ठेवतो, आणि पुसताना तीच काचेवरच्या नाजूक लेपावर (कोटिंगवर) घासली जाते. त्याचे पैसे आम्हाला अनामतीतून कापावे लागतात आणि दोघांचीही तोंडं आंबट होतात.

उपाय फुकटातला आहे. दुपारनंतर बॅग एसीत ठेवू नका. रत्नागिरीजवळच्या आरे-वारे किनाऱ्याला गाडीने जाणार असाल तर एसी बंद करून खिडक्या उघड्या ठेवा, थोडा घाम आला तरी चालेल. बॅगेची चेन मात्र बंदच ठेवा. आतली लेन्स बाहेरच्या हवेइतकी कोमट झाल्यावरच उघडा. ७०-२०० सारख्या वजनदार लेन्सला तासभर सहज लागतो. म्हणूनच आम्ही लेन्स सिलिका जेल (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी) घालून बंद पिशवीत देतो. काहींना ती पिशवी म्हणजे दुकानाचा नखरा वाटतो. पाणी धरलंच तर ते पिशवीवर धरावं, काचेवर नको, यासाठी ती असते.

काचेवर दव धरू नये म्हणून लेन्सला गुंडाळायची, पॉवर बँकेवर चालणारी गरम दव-पट्टीही आमच्याकडे भाड्याने मिळते. खरं सांगायचं तर एप्रिलात शुक्र रात्री दहाच्या आत-बाहेर मावळतो, तेवढ्या वेळासाठी ती लागेलच असं नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रभर बसणार असाल तर मात्र न्याच.

बाकीचं थोडक्यात. फोकस हाताने करा: लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) शुक्र मोठा करून तो जास्तीत जास्त लहान ठिपका होईल तिथे थांबा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. हे लेन्स कोमट झाल्यावर करा, तापमान बदललं की फोकस हलतो. क्रॉप सेन्सरच्या (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २०० मिमीला एका फोटोचा वेळ दीड सेकंदाच्या पुढे नेलात तर ताऱ्यांच्या रेघा होतात, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० च्या आसपास ठेवून बरेच फोटो घ्या आणि नंतर संगणकावर एकावर एक रचा. ते जमत नसेल तर रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) आणून द्या, आम्ही रचून प्रिंटही काढून देतो. शुक्र पांढराफटक येणारच. कृत्तिकांतल्या सर्वांत ठळक ताऱ्यापेक्षाही तो तेव्हा सुमारे ८०० पट तेजस्वी असतो. त्याला किरण फुटलेले दिसले तर तो ओरखडा नव्हे, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान केल्यावर त्याच्या पात्यांमुळे ते येतात. आणि फोटोत 'दुसरा शुक्र' दिसला तर ते लेन्सपुढच्या यूव्ही फिल्टरच्या काचेतलं प्रतिबिंब असतं, तो फिल्टर काढा. ट्रायपॉडचे पाय घरी गेल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

लेन्स देताना आणि परत घेताना आम्ही पाटीचा एकेक फोटो तुमच्यासमोर काढतो. गर्दीच्या दिवशी त्यात तुमची पाच मिनिटं जातात, पण नंतरचा तासाभराचा वाद वाचतो. धूसर फोटोंसाठी भाडं परत मिळत नाही.

शुक्र दर वर्षी कृत्तिकांच्या आसपास फिरकतो, पण थेट पुंजक्यात शिरल्यासारखा दिसण्याचा योग आठ वर्षांनी येतो. आपली ८ वर्षं आणि शुक्राच्या सूर्याभोवतीच्या १३ फेऱ्या जवळजवळ जुळतात, त्यामुळे तारीखही तीच असते: २०१२ आणि २०२० ला एप्रिलच्या ३-४ तारखांना हा योग होता. २०२० ला लॉकडाऊन होता, ज्यांच्याकडे लेन्स होती त्यांनीच गच्चीवरून काढला. पुढचा २०२८ च्या एप्रिलमध्ये, त्याच तारखांना. मोजक्याच लेन्स आहेत, आधी सांगून ठेवलंत तर बरं. रात्री आठच्या सुमारास जोडी पश्चिमेला समुद्रावर तीसेक अंश उंच असेल आणि अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर, तेव्हा त्याचा तिरपा उजेड अडवायला हूड (लेन्सपुढची कड) लावाच. हूडचं वेगळं भाडं नाही, फक्त तो वाळूत विसरून येऊ नका.