ग्रामसभेचा ठराव आणि पंचायत मंडळाचा ठराव

"ठराव झाला, आता काम बंद पडलंच म्हणून समजा." ग्रामसभा उठताना जो तो हेच म्हणत होता. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्याला लागून वीज उपकेंद्र आहे. तिथं आणखी एक मोठा ट्रान्सफॉर्मर बसायचा होता. आधीच्याचीच घरघर रात्री दिवे मालवले की माजघरापर्यंत येते. सगळ्यांनी हात वर केले, टाळ्या वाजल्या.

दोन महिन्यांनी जेसीबी आला.

लोक पंचायतीत जाऊन सरपंचबाईंवर तुटून पडले. तेव्हा सचिवांनी दोन रजिस्टरं टेबलावर ठेवली, एक ग्रामसभेचं आणि एक पंचांच्या पाक्षिक बैठकीचं. पहिल्यात आमचा विरोध अक्षर न् अक्षर लिहिलेला होता. दुसऱ्यात त्या विषयावर एक ओळही नव्हती. ना हरकत मागणारं वीज खात्याचं पत्र आवक नोंदीत होतं, पण त्याला उत्तर गेलंच नव्हतं.

घोळ इथंच होतो. दोन्हीला आपण 'पंचायतीचा ठराव' म्हणतो, पण ग्रामसभा म्हणजे गावचे सगळे मतदार आणि पंचायत मंडळ म्हणजे त्यांनी निवडून दिलेले पंच. १९९४च्या गोवा पंचायत राज कायद्यात दोघांची कामं वेगळी आहेत. ग्रामसभा गावाचं म्हणणं मांडते, मंडळाला जाब विचारते. बांधकामाचा परवाना मात्र त्याच कायद्याच्या कलम ६६ खाली पंचायत देते किंवा नाकारते, आणि तो निर्णय पंचांच्या बैठकीत होतो. ग्रामसभेत कितीही हात वर झाले तरी परवान्याच्या अर्जाला ते उत्तर होत नाही.

मंडळ गप्प बसलं तर काय होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. परवान्याच्या अर्जावर ३० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार पंचायत उपसंचालकांकडे अपील करू शकतो. म्हणजे विषय गावाच्या हातून निसटून कार्यालयात जातो. 'आम्ही काही दिलं नाही' असं सांगणारे पंच विरोध करत नसतात, नुसता वेळ दवडत असतात. मला याचा राग येतो, कारण लोकांना ते पाठिंबा वाटतं.

तारांचं प्रकरण आणखी निराळं. २००३च्या वीज कायद्याच्या कलम १६४ खाली सरकार वाहिनी टाकणाऱ्याला १८८५च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देऊ शकतं. मग कुळागरावरून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेवरून, तार न्यायला मालकाची संमती लागत नाही, भरपाई द्यावी लागते. तिथं नुसत्या 'विरोध आहे'नं भागत नाही, पर्याय दाखवावा लागतो. गोव्यात वीज आणणाऱ्या तम्नार वाहिनीचंच बघा. मोलेच्या जंगलातून नवा पट्टा तोडण्याऐवजी आधीच्या २२० केव्ही वाहिनीच्या पट्ट्यातून जा, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२मध्ये सांगितलं. प्रकल्प नको एवढ्यावर ते प्रकरण थांबलं नाही, दुसरा रस्ता नकाशावर होता.

म्हणून ग्रामसभेत ठराव झाला की त्याच आठवड्यात आपल्या प्रभागाच्या पंचाला गाठा आणि विषय पुढच्या पाक्षिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर लावून घ्या. ठरावात कारणं लिहायला लावा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. रात्रीची मोजणी मागा. घरापासूनचं अंतर, ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलाला आग लागली तर बंब कुठल्या वाटेनं येणार, पावसाचं पाणी कुणाच्या अंगणात उतरणार, हेही त्यात यायला हवं. "ग्रामस्थांचा तीव्र विरोध आहे" हे वाक्य मनापासूनचं असतं, पण अधिकाऱ्याला त्यावर उत्तरच द्यावं लागत नाही. आकड्यावर द्यावं लागतं.

आमच्याकडे हे उशिरा झालं. शेजारची काकी, जिची खिडकी कुंपणापासून जेमतेम दहा पावलांवर आहे, तिनं स्वतः अर्ज लिहिला आणि पंचाच्या हातात दिला. पुढच्या पाक्षिक बैठकीत ठराव झाला: रात्रीची आवाजमोजणी करावी, घरांच्या बाजूनं भिंत उंच करावी, तोवर नवा ट्रान्सफॉर्मर चालू करू नये. पत्र जावक क्रमांक घालून वीज खात्याला गेलं. ट्रान्सफॉर्मर चौथऱ्यावर बसलाय, अजून चालू केलेला नाही, आणि मोजणीची तारीख काकीनं कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवली आहे.