खाडीपलीकडची प्रत: ब्लॉक स्टोरेज रेप्लिकेशनची पार्श्वभूमी

नवी मुंबईच्या महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये आज एक ठरलेली मांडणी दिसते: मुख्य साइट इथे, जवळच प्रत ठेवणारी एक नियर साइट, आणि लांबची डीआर (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे आपत्तीत काम सुरू ठेवायची) साइट हैदराबाद किंवा चेन्नईला. ही मांडणी घडली ती एका जुन्या वादातून. ब्लॉक, म्हणजे डिस्कवर लिहिला जाणारा डेटाचा तुकडा, दुसऱ्या ठिकाणी पोचायच्या आधीच अ‍ॅप्लिकेशनला ‘लिहिलं’ म्हणून सांगायचं, की पोचल्यावर?

आधीची पद्धत टेपची. रात्रीची बॅच संपली की टेप भरून दुसऱ्या इमारतीत पाठवायच्या. एखाद्या दिवसाचं काम बुडणार हे त्यात गृहीतच असायचं. 1994 मध्ये ईएमसी कंपनीने आपल्या सिमेट्रिक्स या स्टोरेज यंत्रासाठी एसआरडीएफ हे प्रत काढणारं सॉफ्टवेअर आणलं. आयबीएमचं तसंच पीपीआरसीही त्याच दशकातलं. दोन्हींत प्रत काढायचं काम स्टोरेजच करतं, सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो. पलीकडून पोच आल्याशिवाय लेखन पूर्ण मानायचं नाही, हे सिंक रेप्लिकेशन. त्यात शून्य डेटा बुडतो, पण अंतराची किंमत प्रत्येक लेखनाला मोजावी लागते.

ही किंमत भौतिकशास्त्राने ठरवलेली आहे. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला साधारण 5 मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन 10. महापे ते ऐरोली केबलचा मार्ग 15 किलोमीटर धरला तरी 0.15 मिलिसेकंद. डेटाबेसला ते जाणवतही नाही. हैदराबादसाठी 700 किलोमीटर धरले तर कमीत कमी 7 मिलिसेकंद, आणि प्रत्यक्षातला मार्ग त्याहून वळणावळणाचा. एकामागून एक कमिट (व्यवहार पक्का) करणारा एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा, मग सेकंदाला 140च्या वर जाऊच शकत नाही. लिंक कितीही जाड घेतली तरी हा आकडा हलत नाही. निविदेत बँडविड्थ वाढवून मागणाऱ्यांना हे पटवताना घसा कोरडा पडतो.

म्हणून लांबच्या अंतरासाठी असिंक रेप्लिकेशन आलं: इथे लिहून मोकळं व्हायचं, पलीकडे मागाहून पाठवायचं. दिवसाच्या सरासरीवर लिंक घेतली की पाणी तिथेच मुरतं. गर्दीच्या वेळी सेकंदाला 60 एमबी लेखन होतंय आणि लिंक 200 एमबीपीएसची (सेकंदाला 200 मेगाबिट), म्हणजे जेमतेम 25 एमबीची. तासाभरात 126 जीबी तुंबतात. त्यानंतर काहीच लेखन झालं नाही तरी ते उपसायला 84 मिनिटं लागतात. 15 मिनिटांचा आरपीओ, म्हणजे फार तर इतक्या वेळाचा डेटा बुडेल ही मर्यादा, तेव्हा कागदावरच राहतो.

दुसरी गोम क्रमाची. डेटाबेसचा लॉग (बदलांची नोंदवही) एका एलयूएनवर, म्हणजे स्टोरेजने दिलेल्या एका डिस्कवर, आणि डेटा दुसऱ्यावर असेल आणि दोन्ही आपापल्या गतीने पलीकडे जात असतील, तर डीआरला डेटा पुढे आणि लॉग मागे अशी अवस्था येऊ शकते. मग डेटाबेस उठत नाही. दोन्ही एकाच कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये, म्हणजे लेखनाचा क्रम एकत्र पाळणाऱ्या गटात, ठेवणं हा त्यावरचा उपाय. नवीन एलयूएन जोडताना तो ग्रुपमध्ये टाकायचा राहून जातो, आणि ते कळतं थेट ड्रिलच्या, म्हणजे डीआरवर जाण्याच्या सरावाच्या, दिवशी.

महागड्या स्टोरेजशिवाय हेच करता यावं म्हणून फिलिप राइस्नर यांनी व्हिएन्नात डीआरबीडी हे लिनक्सवरचं सॉफ्टवेअर लिहिलं. फेब्रुवारी 2010 मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल 2.6.33 मध्ये ते दाखल झालं. त्यात सुरुवातीच्या वादाची तीन उत्तरं आहेत. प्रोटोकॉल ए मध्ये डेटा आपल्या डिस्कवर आणि नेटवर्कच्या बफरमध्ये गेला की काम झालं, बी मध्ये समोरच्याच्या मेमरीत पोचला की, आणि सी मध्ये समोरच्याच्या डिस्कवर उतरला की. लिंक तुटली तर कुठले ब्लॉक बदलले याची नोंद बिटमॅपमध्ये होते. दर 4 केबीला एक बिट, म्हणजे 1 टीबीला 32 एमबी. लिंक परतली की तेवढेच ब्लॉक जातात.

सगळ्यात नाजूक वेळ हीच. लिंक परतल्यावर प्रती पुन्हा जुळवायच्या या रीसिंकमध्ये ब्लॉक डिस्कवरच्या क्रमाने जातात, लिहिलेल्या क्रमाने नव्हे. तो अर्ध्यावर असताना मुख्य मशीन गेलं, तर दुसरी प्रत ना जुनी, ना नवी. म्हणून रीसिंक सुरू होण्याआधी दुसऱ्या प्रतीच्या बाजूला एलव्हीएमचा (लिनक्सच्या डिस्क-व्यवस्थापकाचा) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत, घ्यायचा. डीआरबीडीत त्यासाठी आपोआप चालणारी तयार स्क्रिप्ट (हँडलर) आहे, तरी बहुतेक ठिकाणी ती लावलेली नसते.

स्प्लिट ब्रेनची गत वेगळी. लिंक तुटते, दोन्ही मशीन जिवंत असतात आणि दोघंही स्वतःला प्रायमरी (मुख्य) समजून लिहू लागतात. नंतर एका बाजूचं लेखन फेकून देण्यावाचून इलाज नसतो. फेन्सिंग (एका मशीनला सक्तीने बाजूला काढणं) किंवा तिसऱ्या ठिकाणचं मत लागतंच. डीआरबीडी 9 मध्ये कोरम (बहुमत असेल तरच लिहू देणं) आला तो यासाठीच.

आता अंतराचं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, ठाणे-नवी मुंबईही पाण्यात गेली. 12 ऑक्टोबर 2020 रोजी कळवा-पडघा 400 केव्ही वाहिन्यांच्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच अंधारात गेली. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एक प्रत आणि महाप्यात दुसरी, ही सोय एखादं मशीन बंद पडलं तर पुरते. प्रदेशावरच्या संकटापुढे या दोन जागा एकच समजाव्यात.

आणि जवळची लिंकही दगा देते. 24 फेब्रुवारी 2021 रोजी सकाळी 11:40 ला एनएसई या शेअर बाजाराचे व्यवहार थांबले. मुख्य साइट आणि नियर डीआर यांच्यातल्या लिंक रस्त्यावरच्या खोदकामामुळे अस्थिर झाल्या आणि मुख्य साइटचं सॅन स्टोरेजच (नेटवर्कवरून जोडलेलं सामायिक स्टोरेज) सर्व्हरना दिसेनासं झालं. बाजार संध्याकाळी 5 पर्यंत वाढवावा लागला. मार्च 2021 मध्ये बाजार-नियामक सेबीने बाजारसंस्थांसाठी मुदत घट्ट केली: 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करायची, त्यानंतर 45 मिनिटांत डीआरवर जायचं. नियर साइट शून्य डेटा-हानीसाठी, आणि लांबची डीआर वेगळ्या भूकंपक्षेत्रात किंवा किमान 500 किलोमीटरवर, हे नियम त्याआधीचेच.

दोन कंपन्यांच्या लिंक घेताना दोघांकडून केबलमार्गाचा नकाशा मागून घ्यावा. खाडी ओलांडायला वाटा मोजक्याच, आणि बिलं दोन आली तरी दोन्ही केबल ऐरोलीच्या एकाच पुलावरून गेलेल्या असू शकतात.