पेजफाइल आणि हायबरफिल: कोणती काढायची, कोणती राहू द्यायची

जुन्या कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह भरून लाल झाला की आपण आधी डाउनलोड्सचं फोल्डर रिकामं करतो, मग रिसायकल बिन, मग लग्नाचे व्हिडिओ डी ड्राइव्हवर हलवतो. तरी हिशेब जुळत नाही. सगळ्या फोल्डरांची बेरीज आणि विंडोज दाखवतं ती 'वापरलेली जागा' यांत काही जीबींची तफावत राहतेच. तिचा मोठा वाटा बऱ्याचदा दोन लपवलेल्या फायलींकडे असतो: पेजफाइल.सिस आणि हायबरफिल.सिस.

दोन्ही थेट सी ड्राइव्हमध्ये, कुठल्याही फोल्डरात नाहीत. दोन्हींचा संबंध रॅमशी, म्हणजे चालू काम जिथे तात्पुरतं राहतं त्या मेमरीशी. दोन्ही डिलीट करायला गेलं की 'फाइल वापरात आहे' असं उत्तर येतं. त्यामुळे 'दोन्ही बंद करा, जागाच जागा' असा सल्ला व्हिडिओंमधून सर्रास मिळतो. तो निम्माच बरोबर आहे.

आधी हायबरफिल, कारण ती सोपी आहे. कॉम्प्युटर हायबरनेट केला की रॅममध्ये त्या क्षणी जे काही असतं, म्हणजे उघडे प्रोग्रॅम, अर्धवट पत्र, ते सगळं या फायलीत उतरवलं जातं आणि वीज पूर्ण बंद होते. पुन्हा चालू केलं की ते परत रॅममध्ये भरलं जातं. म्हणजे मशीन चालू असताना ही फाइल जवळजवळ निरुपयोगी पडून असते, फक्त जागा राखून ठेवते. किती? विंडोज ७ मध्ये रॅमच्या ७५ टक्के, विंडोज १० मध्ये ४० टक्के. ८ जीबी रॅम असेल तर अनुक्रमे ६ जीबी आणि सव्वातीन जीबीच्या आसपास.

'आम्ही हायबरनेट कधी वापरतच नाही' असं म्हणणाऱ्यांकडेही ती असते. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा याच फायलीत जपून ठेवला जातो, म्हणजे सकाळी मशीन लवकर उठतं. रोज रात्री शटडाउन करूनही टास्क मॅनेजरमधला 'अप टाइम' कित्येक दिवसांचा दिसतो, त्याचं कारण हेच. खरीखुरी नवी सुरुवात रीस्टार्ट केल्यावरच होते.

आता पेजफाइल. हिचं काम मशीन चालू असतानाच चालतं. स्वयंपाक करताना ओट्यावर जागा पुरेना झाली की सध्या नको असलेली पातेली आपण बाजूच्या टेबलावर सरकवतो, तसंच विंडोज रॅममधला बराच वेळ न लागलेला मजकूर या फायलीत सरकवतं आणि लागला की परत आणतं. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी हळू असल्यामुळे हे जास्त व्हायला लागलं की मशीन कुंथायला लागतं. त्यावरून लोक निष्कर्ष काढतात की पेजफाइलमुळेच कॉम्प्युटर हळू झालाय. उलट आहे. रॅम कमी आहे म्हणून पेजफाइलवर ताण येतो. ती काढली तर हळू चालणारा प्रोग्रॅम थेट बंद पडेल.

इथे एक बारकावा आहे, आणि 'माझी रॅम तर पूर्ण भरतच नाही' म्हणणारे नेमके त्यातच अडकतात. प्रोग्रॅम मेमरी मागतात ती प्रत्यक्ष वापरापेक्षा जास्त मागतात, आणि विंडोज जेवढी देऊ केली तेवढी देण्याची हमी घेतं. या हमीची कमाल मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. पेजफाइल काढली की मर्यादा रॅमपुरतीच उरते. मग रॅममध्ये थोडी जागा शिल्लक दिसत असतानाही 'मेमरी कमी आहे' असा इशारा येतो आणि ब्राउझरचे टॅब कोसळतात. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. 'कमिटेड'समोर दोन आकडे दिसतील. पहिला म्हणजे दिलेली हमी, दुसरा म्हणजे मर्यादा. नेहमीची सगळी कामं उघडी असताना पहिला आकडा तुमच्या रॅमच्या जवळपास किंवा वर जात असेल, तर पेजफाइलला हात लावू नका. ४ जीबीच्या मशीनवर तो जातोच. शिवाय निळा स्क्रीन येऊन मशीन बंद पडलं तर त्या बिघाडाची नोंदही सहसा सी ड्राइव्हवरच्या पेजफाइलमधूनच लिहिली जाते.

तेव्हा जागाच हवी असेल तर आधी हायबरफिल. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, त्यावर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा आणि इंग्रजीत ही आज्ञा टाइप करा: पॉवरसीएफजी, स्पेस, /एच, स्पेस, ऑफ. एंटर दाबताच फाइल जाते, रीस्टार्टचीही गरज नाही. पश्चात्ताप झालाच तर 'ऑफ'च्या जागी 'ऑन'. फास्ट स्टार्टअपही यात जातं. विंडोज एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर असेल तर फरक फारसा जाणवत नाही, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मात्र सकाळी थोडं थांबावं लागतं. ते नको असेल तर विंडोज १० मध्ये मधला मार्ग आहे: पॉवरसीएफजी, स्पेस, /एच, स्पेस, /टाइप, स्पेस, रिड्यूस्ड. फाइल रॅमच्या २० टक्क्यांवर येते, फास्ट स्टार्टअप राहतं, हायबरनेट जातं.

दोन ठिकाणी मात्र मी हायबरफिल काढणार नाही. एक, लॅपटॉप: बॅटरी अगदी संपत आली की काम वाचवण्यासाठी तो हायबरनेट होतो, आणि फाइल नसेल तर तो मार्गच बंद. दोन, जिथे लाइट वारंवार जाते, यूपीएस नाही आणि डेस्कटॉप स्लीपवर ठेवून उठायची सवय आहे असं घर. डेस्कटॉपवर स्लीपबरोबर रॅमची एक प्रत याच फायलीत ठेवायची सोय सहसा चालू असते, म्हणून लाइट गेली तरी उघडं काम परत मिळतं. रोज नीट शटडाउन करणाऱ्यांना ही चिंता नाही.

पेजफाइल पूर्ण बंद न करता हलवता येते. विंडोजच्या भरवशावर सोडली तर ती रॅमच्या तिप्पटीपर्यंत वाढू शकते, आणि १२० जीबीच्या छोट्या एसएसडीवर ते जाणवतं. पण हलवायची कुठे याचा विचार करा. डी ड्राइव्ह हा त्याच डिस्कचा दुसरा भाग असेल तर सी मोकळा होतो आणि वेगात काही बिघडत नाही. डी म्हणजे जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर जागा मिळते, पण रॅम भरली की मशीन आणखी रेंगाळतं. अशा वेळी सी वर एक-दोन जीबीची ठरावीक पेजफाइल ठेवून उरलेली डी वर द्यावी. सिस्टिम प्रॉपर्टीजच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज उघडा, पुन्हा ॲडव्हान्स्ड, मग व्हर्च्युअल मेमरीसमोरचं 'चेंज'. सगळ्यात वरची आपोआप व्यवस्थापनाची खूण काढा, ड्राइव्ह निवडा, आकडे भरा. आकडे भरून थेट ओके दाबलं तर बदल लागूच होत नाही. प्रत्येक ड्राइव्हसाठी आधी 'सेट' दाबावं लागतं, मग ओके आणि मग रीस्टार्ट.